आधी पॉलिसीची तारीख, मग बाळाची: बेळगाव, खानापूर, निपाणीहून परदेशी गेलेल्या जोडप्यांसाठी

नवरा दुबईला नाहीतर जर्मनीला, बायको व्हिसा होऊन नुकतीच तिकडं पोचलेली नाहीतर पोचायची आहे, आणि इकडं घरात सासूबाईंपासून मामीपर्यंत सगळ्यांचं एकच, गोड बातमी कधी देताय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी कुठंही बघा, आता कितीतरी घरात हे चाललंय, कुणी उद्यमबागेत चार वर्षं काम शिकून गल्फला गेलेलं, कुणी गोगटे कॉलेजातनं इंजिनिअर होऊन युरोपला. मी मूळची शहापूरची, दुबईत एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स काउंटरवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुली मला विचारत असतात, की अक्का, मॅटर्निटीचं, म्हणजे बाळंतपणाच्या विम्याचं कसं करायचं. त्यांना जे सांगते तेच इथं सगळं एकत्र लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. गरोदर राहिल्यावर मॅटर्निटी इन्शुरन्स शोधायला लागलात तर प्रायव्हेट पॉलिसीत बहुतेक ठिकाणी उशीर झालेला असतो. काउंटरवर मी कितीतरी चांगल्या, महागड्या पॉलिसी बघितल्या ज्यात सगळं होतं, पण तारीख जुळत नव्हती म्हणून बिल घरच्यांच्या अंगावर आलं. त्यामुळं कंपनी कुठली, हप्ता किती, हे सगळं नंतर. आधी तारीख.

वेटिंग पिरियड नीट समजून घ्या

पॉलिसी सुरू झाल्यापासून ठराविक महिने मॅटर्निटीचा खर्च मिळत नाही, त्याला वेटिंग पिरियड म्हणतात. परदेशात राहणाऱ्यांसाठी ज्या इंटरनॅशनल हेल्थ पॉलिसी मिळतात त्यात हा साधारण १० ते १२ महिने असतो. आपल्या इंडियातल्या पॉलिसीत तर ९ महिन्यांपासून ४ वर्षांपर्यंत असतोय, आणि त्यातल्या बहुतेक पॉलिसी इंडियाबाहेर चालतच नाहीत, त्यामुळं बाबांनी बेळगावात घेऊन दिलेली फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घरची मिळून एकच पॉलिसी, तिकडं बाळंतपणाला उपयोगी पडेल असं धरून बसू नका.

आता खरी मेख इथं आहे. वेटिंग कशावर मोजतात हे प्रत्येक पॉलिसीत सारखं नसतं. काही पॉलिसीत वेटिंग संपल्यानंतर जो खर्च होईल तो मिळतो, म्हणजे त्या काळात दिवस गेले तरी चालतं, डिलिव्हरी नंतर झाली की झालं. काही पॉलिसीत मात्र गर्भधारणाच वेटिंग संपल्यावर व्हायला पाहिजे. एजंट फोनवर नुसतं बारा महिने वेटिंग आहे मॅडम एवढंच सांगतो, आणि या दोन अर्थांमधला फरक जवळजवळ एका आख्ख्या बाळंतपणाचा आहे.

वही घ्या आणि असं मांडून बघा. समजा पॉलिसी १ जून २०२६ ला सुरू झाली, वेटिंग १२ महिने, म्हणजे ३१ मे २०२७ पर्यंत काही मिळणार नाही. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून तारीख देतात. शेवटची पाळी १ सप्टेंबर २०२६ ची असेल तर तारीख येते ८ जून २०२७. पहिल्या प्रकारच्या पॉलिसीत हे कागदावर बसतं, पण जेमतेम आठवडाभराच्या फरकानं, आणि बाळ काही कॅलेंडर बघून येत नाही, ३७ व्या आठवड्यात कळा आल्या तर डिलिव्हरी मे महिन्यात आणि सगळं बिल तुमचं. शिवाय तोवरच्या सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरची फी हे वेटिंगमध्येच झालेलं असतं, ते मिळणार नाही ते वेगळंच. म्हणून माझं म्हणणं, निदान दोन-अडीच महिन्यांचं अंतर राखून ठेवा. आणि दुसऱ्या प्रकारची पॉलिसी असेल तर पाळी १ जून २०२७ ची किंवा त्यानंतरची पाहिजे, म्हणजे बाळ थेट मार्च २०२८ मध्ये किंवा पुढं. वय ३३-३४ असेल, आधीच वाट बघून झालेली असेल, तर हे एवढं थांबणं परवडतं का याचा विचार तुम्ही दोघांनी आणि डॉक्टरांनी करायचा, विमा कंपनीनं नाही. अशा वेळी नोकरीतल्या कंपनीनं सगळ्यांची मिळून काढलेली, वेटिंग नसलेली ग्रुप पॉलिसी शोधणं, नाहीतर खर्चाचे पैसे बाजूला ठेवून पुढं जाणं, हे दोन्ही रस्ते बरोबरच आहेत.

म्हणून पॉलिसी घ्यायच्या आधी एकच प्रश्न ईमेलवर विचारा, की वेटिंग पिरियड डिलिव्हरीच्या तारखेवर मोजता की गर्भधारणेच्या, आणि उत्तर लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचं ओके चालत नाही, पॉलिसीच्या अटींमधला पान नंबर मागा.

कुठल्या देशात आहात त्यावर सगळं

सगळ्यांनाच प्रायव्हेट मॅटर्निटी पॉलिसी लागते असं अजिबात नाही. काही देशात ती घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे, ते आधी बघू.

यूकेला वर्क व्हिसावर किंवा डिपेंडंट म्हणून गेलात तर व्हिसाच्या वेळीच हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसांना वर्षाला १,०३५ पाऊंड. तो भरला की एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत बाळंतपण होतं, वेटिंग नाही काही नाही. दिवस गेल्याचं कळलं की जीपीकडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, किंवा थेट मिडवाईफकडं, म्हणजे शिकलेल्या सुईणीकडं नाव नोंदवा, पहिली अपॉइंटमेंट गरोदरपणाच्या १० आठवड्यांच्या आत व्हावी असं तिथलं धोरण आहे. तिथल्या प्रायव्हेट हेल्थ पॉलिसीत साधं बाळंतपण बहुतेक धरतच नाहीत, त्यामुळं त्यासाठी वेगळे पैसे घालवू नका. टुरिस्ट व्हिसावर असाल तर मात्र हे लागू नाही, तिथं एनएचएस पूर्ण बिल लावतं, तेही नेहमीच्या दराच्या १५० टक्के.

जर्मनीत नोकरी असली की बहुतेक जण सरकारी पद्धतीच्या विम्यात असतात, बायको नोकरी करत नसेल तर तीही त्यातच जादा हप्ता न देता येते, आणि बाळंतपण पूर्ण धरलेलं असतं. पगार एका मर्यादेच्या वर गेला, २०२५ साली ती वर्षाला ७३,८०० युरो होती, तर प्रायव्हेटमध्ये जायची मुभा मिळते आणि तरुण माणसाला सुरुवातीला हप्ता कमी दिसतो म्हणून आपली पोरं पटकन तिकडं वळतात. थांबा जरा. प्रायव्हेटमध्ये बायकोचा हप्ता वेगळा, बाळाचा वेगळा, आणि नव्या पॉलिसीत बाळंतपणाला ८ महिने वेटिंग लागू शकतं. सरकारी विम्यातनं थेट तिकडं गेलात तर ते वेटिंग माफ होऊ शकतं, पण ते लेखी घ्या. बाळाचा विचार असेल तर मी सरकारीतच राहा म्हणेन. प्रायव्हेटमध्ये असाल तर एक चांगला नियम आहे, आईबाबांपैकी एकाची पॉलिसी निदान ३ महिने जुनी असेल तर जन्मापासून २ महिन्यांच्या आत नोंदवलेल्या बाळाला तपासणी न करता, जन्माच्या दिवसापासून घ्यावं लागतं. ती मुदत सोडू नका.

अमेरिकेत २०१४ पासून वैयक्तिक आणि छोट्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये मॅटर्निटी धरणं बंधनकारक आहे आणि गरोदरपणाला आधीचा आजार म्हणून नाकारता येत नाही, त्यामुळं एच-वन वर्क व्हिसावाल्यांच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये प्रश्न वेटिंगचा नसून डिडक्टिबलचा असतो, म्हणजे वर्षात पहिले अमुक इतके डॉलर तुमचे, मग पुढचं प्लॅन देणार. बहुतेक प्लॅनमध्ये तो दर १ जानेवारीला परत शून्यापासून सुरू होतो, म्हणून बाळ जानेवारीत येणार असेल तर दोन वर्षांचे डिडक्टिबल भरायची तयारी ठेवा. हॉस्पिटलात साध्या डिलिव्हरीनंतर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास राहण्याचा खर्च प्लॅननं कापू नये असा १९९६ चा कायदा आहे. बाळाला कंपनीच्या प्लॅनमध्ये ३० दिवसात घालायचं. आणि व्हिजिटर इन्शुरन्सवर डिलिव्हरी होत नाही, कुणी काही म्हणू दे.

सिंगापूरला मेडिशील्ड लाईफ हा सरकारी विमा फक्त तिथल्या नागरिकांना आणि पीआर वाल्यांना, म्हणजे कायमचं राहायची परवानगी असलेल्यांना, वर्क पासवर असलेल्यांनी कंपनीच्या एचआरला विचारायचं नाहीतर इंटरनॅशनल पॉलिसी, तीही वर सांगितलेलं वेटिंग धरून.

दुबई, शारजा आणि आसपास

आपल्या भागातली सगळ्यात जास्त मंडळी इथं म्हणून इथं जरा सविस्तर.

दुबईत २०१३ च्या ११ नंबरच्या कायद्यानं हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा आहे. पण लक्ष द्या, कंपनीवर सक्ती कामगाराच्या विम्याची आहे, बायको-मुलांचा विमा काढायची जबाबदारी ज्याच्या स्पॉन्सरशिपवर ती आहेत त्याची, म्हणजे नवऱ्याची. काही कंपन्या आपणहून फॅमिलीला घेतात, बऱ्याच घेत नाहीत. अबू धाबीत नियम वेगळे आहेत, तिथं कंपनीकडं बायकोचं आणि मुलांचंही विचारा. शारजा, अजमान, रास अल खैमा या उत्तरेकडच्या अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून नोकरदारांना विमा सक्तीचा झालाय, पण तिथल्या अगदी बेसिक प्लॅनमध्ये बायकोच्या मॅटर्निटीचं काय लिहिलंय ते डोळ्यात तेल घालून वाचा.

दुबईच्या किमान दर्जाच्या प्लॅनला इसेन्शियल बेनिफिट्स प्लॅन म्हणतात. वर्षाची मर्यादा १,५०,००० दिरहम. त्यात गरोदरपणातल्या ८ व्हिजिट, ३ सोनोग्राफी, ठरलेल्या रक्त-लघवीच्या तपासण्या, आणि डिलिव्हरीला १०,००० दिरहमपर्यंत, यातले १० टक्के तुम्ही भरायचे. हे वाचून बरं वाटतं, पण तीनच सोनोग्राफी म्हणजे काय ते समजून घ्या, चौथी डॉक्टरनं सांगितली तर आधी मंजुरी काढावी लागते, मंजुरी नाही मिळाली तर पैसे तुमचे. आणि या प्लॅनचं नेटवर्क, म्हणजे कार्ड चालणाऱ्या हॉस्पिटल-क्लिनिकांची यादी, छोटं असतं. तुमच्या बिल्डिंगखालच्या क्लिनिकमध्ये कार्ड चालतं म्हणून मोठ्या हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये चालेल असं नाही. कार्डावर नेटवर्कचं नाव असतं, त्या नावाची यादी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या ॲपवर बघायची, आणि त्यात हॉस्पिटल आहे एवढंच नाही तर त्या नेटवर्कला तिथं मॅटर्निटी चालते का हे हॉस्पिटलला फोन करून विचारायचं. काउंटरवर सगळ्यात जास्त रडारड मी यावरनं बघितली आहे, नऊ महिने एका डॉक्टरकडं दाखवलं आणि ती ज्या हॉस्पिटलात डिलिव्हरी करते ते नेटवर्कमध्येच नाही.

आणखी एक, बायकोला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतात, म्हणतात नंतर रेसिडेन्स करू, आणि तेवढ्यात दिवस जातात. व्हिजिट व्हिसाबरोबर येणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स बाळंतपणाचा नसतो. तेव्हा आधी रेसिडेन्स व्हिसा, मग पॉलिसी, पॉलिसीचं कार्ड हातात, अटी वाचून झाल्या, मग पुढचं. फॅमिली पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये गरोदर आहात का असा सरळ प्रश्न असतो, त्या प्रश्नाला नाही असं खरं उत्तर देता यावं एवढ्या आधी हे काम उरकायचं.

नवऱ्याची नोकरी बदलायची असेल तर तेही आधीच ठरवा. नोकरी गेली की कंपनीची ग्रुप पॉलिसी गेली, आणि सातव्या महिन्यात नवी पॉलिसी शोधणं फार अवघड पडतं. नवीन ऑफर आली असेल तर पगारासोबत एचआरला विचारा, की पॉलिसी जॉईनिंगच्या पहिल्या दिवसापासून का प्रोबेशन संपल्यावर, बायको त्यात येते का, आणि आधीपासून चालू असलेलं गरोदरपण धरतात का. हे विचारायला लाजू नका.

पॉलिसीचा तो एक कागद

पॉलिसीचं पुस्तक पन्नास पानांचं असतं, पण टेबल ऑफ बेनिफिट्स नावाचा तक्ता दोन-तीन पानांचा असतो, तो आधी मागा. हप्ता भरल्यावर नाही, भरायच्या आधी. त्यात मॅटर्निटीच्या ओळीत मी काय बघते ते सांगते.

एकूण मर्यादा किती आणि ती कशाकशाला मिळून आहे. काही पॉलिसीत डिलिव्हरीची मर्यादा वेगळी, आधीच्या तपासण्यांची वेगळी. काहीत सगळं एकाच आकड्यात, म्हणजे तपासण्यातच निम्मं संपलं तर डिलिव्हरीला उरेल तेवढंच. तुम्हाला जिथं डिलिव्हरी करायची आहे त्या हॉस्पिटलचं पॅकेज विचारून घ्या, साध्या डिलिव्हरीचं आणि सिझेरियनचं दोन्ही, आणि त्या आकड्याशेजारी पॉलिसीचा आकडा लिहा. एवढं केलं की पॉलिसी पुरते का नाही ते लगेच दिसतं, कुणाला विचारायची गरज नाही.

सिझेरियन कुठल्या खात्यात धरतात तेही बघा. ऐनवेळी बाळाच्या ठोक्यांमुळं करावं लागलेलं सिझेरियन बऱ्याच पॉलिसी गुंतागुंत म्हणून धरतात आणि त्याची मर्यादा मोठी असते, आधीपासून ठरवून केलेलं मात्र साध्या मॅटर्निटीच्या मर्यादेत. पहिलं सिझेरियन असेल आणि आता दुसऱ्यांदा असेल तर याला फार महत्त्व आहे.

मग बाळ. आईबाप सगळे डिलिव्हरीच्या खर्चाकडं बघतात, पण खरं मोठं बिल बाळ लवकर आलं आणि एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर येतं. म्हणून तक्त्यात नवजात बाळाची ओळ वेगळी शोधा, पहिल्या दिवसापासून आहे का, किती दिवस आईच्या पॉलिसीवर, मर्यादा किती, जन्मजात दोष असला तर धरतात का. आणि आयव्हीएफ किंवा दुसऱ्या कुठल्या उपचारानं दिवस गेले असतील, किंवा जुळी असतील, तर बऱ्याच इंटरनॅशनल पॉलिसी बाळाला लगेच आपोआप घेत नाहीत, त्याची तपासणी, कागदपत्रं, वेगळ्या अटी. बेळगावला, हुबळीला नाहीतर कोल्हापूरला ट्रीटमेंट घेऊन परत गेलेल्या मुलींनी हे मुद्दाम विचारावं.

फॉर्म भरताना थायरॉईड, पीसीओडी, फायब्रॉईड, आधी झालेला गर्भपात, आधीचं सिझेरियन, सगळं लिहा. घरातनं सांगतात, कशाला सांगायचं, त्यांना कुठं कळतंय. कळतं. पहिल्याच व्हिजिटला डॉक्टर हिस्टरी विचारतात, तुम्ही खरं सांगता, सांगायलाच पाहिजे, आणि ती फाईल क्लेमबरोबर कंपनीकडं जाते. मग लपवलं म्हणून क्लेम नाकारतात. लिहिल्यावर हप्ता थोडा वाढेल, एखादी गोष्ट वगळतील, पण काय मिळणार आणि काय नाही ते आधी कळेल. बेळगावातल्या डॉक्टरांकडनं जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, रक्तगट, थायरॉईडचे रिपोर्ट इंग्रजीत घेऊन जा. जाण्याआधी रुबेलाची लस झाली नसेल तर ती इथंच घ्या, ती घेतल्यावर निदान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नसतात, म्हणजे हेही तारखांच्या वहीत लिहायचं.

लग्नाचं सर्टिफिकेट, आपल्या भागाची खास डोकेदुखी

गल्फमध्ये बायकोचा व्हिसा, हॉस्पिटलातली नोंदणी, बाळाचा जन्मदाखला, सगळीकडं अटेस्टेड, म्हणजे सरकारी शिक्के मारून खरं ठरवलेलं मॅरेज सर्टिफिकेट मागतात. नुसता लग्नाचा अल्बम आणि पत्रिका असून चालत नाही. आपल्याकडं कितीतरी लग्नं रजिस्टरच केलेली नसतात, तेव्हा पहिलं काम ते.

आता सीमाभागातली गोष्ट अशी, की मुलगी खानापूरची, मुलगा चंदगडचा, लग्न कुठं झालं त्यावर सर्टिफिकेट कुठल्या राज्याचं ते ठरतं. ज्या राज्यानं दिलं त्याच राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन खात्याचा शिक्का आधी लागतो. लग्न बेळगावला रजिस्टर झालं तर बेंगळूर, गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला झालं तर मुंबई. मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची एम्बसी, मग तिथं गेल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. कन्नडमध्ये किंवा मराठीत सर्टिफिकेट असेल तर इंग्रजी प्रत मागून घ्या, नाहीतर अधिकृत भाषांतर. एजंटकडं द्यायचं असेल तर त्याला हे नीट सांगा, चुकीच्या राज्याकडं पाठवलेला कागद तसाच परत येतो आणि आठवडे जातात.

नावं एकेक अक्षर जुळवून बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या पासपोर्टात जन्मगाव एका तऱ्हेनं आणि नव्या दाखल्यात दुसऱ्या तऱ्हेनं असतंय, ते बहुतेक समजून घेतात. पण आडनावाचं स्पेलिंग नवऱ्याच्या पासपोर्टात एक, सर्टिफिकेटात दुसरं, आणि बायकोच्या पासपोर्टात अजून माहेरचंच, असं असेल तर ते इथं असतानाच सरळ करा.

माहेरी येऊन करायचं असेल तर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत आणि त्यात मुलीला खरंच आधार असतो, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण मग तिकडची पॉलिसी इकडं चालते का ते बघा. पॉलिसीत भौगोलिक मर्यादा म्हणून एक ओळ असते. काहीत इंडियात फक्त इमर्जन्सी, काहीत आधी स्वतः भरून नंतर बिलं पाठवायची आणि तेही त्यांच्या दरानं. बिलं पाठवायची असतील तर नेहरूनगरच्या केएलईत दाखवा नाहीतर कोल्हापूरला, पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती, प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट इंग्रजीत आणि शिक्क्यासकट घ्या.

विमानाचं असं, बहुतेक एअरलाईन २८-२९ आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर, जुळी असतील तर ३२ नंतर, घेत नाहीत. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, परदेशातनं थेट विमान येत नाही, मुंबई किंवा बेंगळूरसारखं शहर करून यावं लागतं. गोव्याला उतरून चोर्ल्याच्या घाटानं येणं स्वस्त पडतं, पण सातव्या-आठव्या महिन्यात त्या वळणांनी आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी येऊ नका हे माझं मत, सांबऱ्याचं तिकीट काढा.

आणि परत जायची तारीखही आत्ताच धरा. यूएईच्या साध्या रेसिडेन्स व्हिसावर सलग ६ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर व्हिसा धोक्यात येतो, आणि व्हिसा गेला की विमाही गेला. सातव्या महिन्यात आलात, बाळंतपण, सव्वा महिना, मग बाळाचा जन्मदाखला, मग त्याचा पासपोर्ट, मग व्हिसा, यात सहा महिने कधी सरतात कळत नाही. जन्माची नोंद २१ दिवसात होते ना ते हॉस्पिटलला विचारत राहा. दाखला जिथं बाळ जन्मलं तिथलाच मिळतो, निपाणीच्या मुलीचं बाळ कोल्हापूरला झालं तर कोल्हापूर महापालिकेचा. आताच्या बाळांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही.

तिकडंच बाळ झालं तर पहिले ३० दिवस

दुबईच्या किमान प्लॅनमध्ये बाळ पहिले ३० दिवस आईच्या पॉलिसीवर असतं, बीसीजी, हिपॅटायटिस बी आणि नवजात तपासण्या त्यात येतात. एकतिसाव्या दिवशी स्वतःची पॉलिसी नसेल तर साध्या कावीळीचंही बिल तुमचं. म्हणून तीन-चार दिवसात बाबांनी एचआरला किंवा विमा कंपनीला मेल टाकायचा, हॉस्पिटलचं जन्माचं पत्र जोडून, पासपोर्ट होईपर्यंत थांबायचं नाही.

नाव त्याआधी ठरवा. आपल्याकडं बाराव्या दिवशी बारसं, तोवर आजी एक म्हणते, आत्या दुसरं, आणि तिकडं जन्मदाखल्याच्या फॉर्मवर नावाची जागा असते. आत्याला आधीच फोन करा, बारसं नंतर थाटात करता येतं.

बाळाचा यूएईचा व्हिसा १२० दिवसात व्हायला पाहिजे, नाहीतर दिवसाला १०० दिरहम दंड. त्यासाठी आधी इंडियन पासपोर्ट, आणि पासपोर्टसाठी कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद. ही नोंद जन्मापासून एका वर्षात करायची हे कुठल्याही देशात असा, लक्षात ठेवा, बाहेर जन्मलेल्या बाळाचं भारतीय नागरिकत्व त्यावरच आहे, आणि बाळाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबाबांनी लिहून द्यावं लागतं.

आई किंवा सासूबाई बाळंतपणाला येणार असतील तर त्यांचाही विमा काढा, बीपी-शुगर लिहून. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतकाढा सगळं येतं बॅगेतनं, पण त्यांच्या रोजच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट आणि मूळ पाकिटातच आणायला सांगा, यूएईत काही औषधांना आधी परवानगी लागते, ती यादी तिकीट काढायच्या आधी बघून घ्या. आणि हॉस्पिटलातनं डिस्चार्ज घेताना जन्माच्या पत्रावरची तिघांची नावं तुमच्या पासपोर्टशेजारी धरून वाचा, चूक असेल तर त्याच काउंटरवर, त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.